अर्जातलं एक जादा वाक्य

माझं अक्षर चांगलं आहे. शाळेपासून हे मला इतक्या जणांनी सांगितलं, की अक्षर चांगलं म्हणजे लिहिणं चांगलं आणि लिहिणं चांगलं म्हणजे अक्कलही चांगली, असं मी परस्पर धरून चाललो. पुढे एसटीत कंडक्टर झालो. कंडक्टरला आमच्याकडे सगळेच ‘मास्तर’ म्हणतात. त्यात माझं कौतुक काही नव्हतं, पण मला ते कौतुकच वाटायचं.

डेपोत कुणाला रजेचा अर्ज लागला, बदलीची विनंती लागली, लेकीच्या लग्नपत्रिकेचा मजकूर लागला, की माणूस माझ्याकडे यायचा. आणि साधा अर्ज मी जन्मात लिहिला नाही. वर्कशॉपमधल्या एका मेकॅनिकला दोन दिवस रजा हवी होती. त्याच्या सासऱ्याच्या दुखण्याचं मी असं वर्णन केलं, की साहेबांनी त्याला केबिनमध्ये बसवून पाणी पाजलं आणि चार दिवस दिले. तिसऱ्या दिवशी तोच सासरा जावयाची चौकशी करत सायकलवर डेपोत आला. मेकॅनिक महिनाभर माझ्याशी बोलला नाही. यातून शहाण्या माणसाने काही शिकायला पाहिजे होतं. मी एवढंच शिकलो, की माझ्या लिहिण्यात ताकद आहे.

नऊ वर्षं मी एकाच ड्रायव्हरबरोबर काम केलं. सगळा डेपो त्यांना मामा म्हणायचा, वयाने मोठे असलेलेसुद्धा. बोरीच्या पुढे आत एका खेड्यात त्यांचं घर. आईवडिलांनी ऊसतोडीला जाऊन त्यांना वाढवलेलं. घरात खाकी कपडे अंगावर चढवणारा हा पहिला माणूस. कपड्यांची इस्त्री कधी मोडलेली दिसली नाही. बोलणं कमी. सकाळी ‘जय भीम मास्तर’ म्हणायचे, गाडीला एक चक्कर मारायचे, चारी बाजूंनी टायरवर हात फिरवायचे आणि बसायचे. मी दोरी ओढून दोन बेल दिल्याशिवाय त्यांनी गाडी एक वीतभरही हलवली नाही. नऊ वर्षांत मला हुकूम मानणारा माणूस तेवढा एकच भेटला.

आमची गाडी त्यांच्या गावावरूनच जायची. पण त्यांची बायको त्या गाडीत कधी बसली नाही. बाजाराच्या दिवशी बोरीच्या स्टँडवर ती पिशव्या घेऊन उभी असायची. आमची गाडी लागायची, माणसं धक्काबुक्की करून चढायची, ती जागची हलायची नाही. आम्ही निघालो की मागून येणाऱ्या जीपमध्ये बसायची. सुरुवातीला मला वाटलं, नवराबायकोचं फाटलंय. मी मध्यस्थी करायचं ठरवलं. चहाच्या टपरीवर मामांना संसाराबद्दल चार समजुतीच्या गोष्टी ऐकवल्या. ऐकून घेतल्या बिचाऱ्यांनी. मग म्हणाले, “तसं काय न्हाई, मास्तर. घरचं मानूस मागं बसलं की नजर आरशात जाती. रस्त्यावर ऱ्हात न्हाई. साठ मानसं असत्यात मागं.”

“म्हणून कधीच बसवायचं नाही?”

“शेवटच्या दिशी बसवायची हाय. म्होरल्या शिटावर. तिला कबूल केलंय.”

शेवटचा दिवस म्हणजे निवृत्तीचा दिवस. आमच्याकडे ड्रायव्हरच्या शेवटच्या फेरीचा एक रिवाज आहे. आदल्या दिवशी गाडी धुतात, पुढच्या जाळीला झेंडूच्या माळा बांधतात, घरची माणसं गाडीत बसतात, आणि तो त्याच्या रोजच्या वाटेवरची फेरी पुरी करून गाडी डेपोत आणून उभी करतो. वाटेतल्या गावांत लोक गाडी थांबवून हार घालतात. मामांच्या बायकोने त्या दिवसासाठी निळ्या काठाचं पांढरं पातळ घेऊन ठेवलं होतं. घडीसुद्धा मोडलेली नव्हती. हेही मामांनी मला सांगितलं होतं आणि सांगून लगेच विषय बदलला होता.

मग संप झाला.

आम्हाला सरकारी नोकर म्हणून धरा, एवढी मागणी होती. दिवाळीच्या तोंडावर गाड्या डेपोत उभ्या राहिल्या आणि फाटकाबाहेर आमचा मंडप पडला. मंडपात मला सुगीचे दिवस आले. निवेदनं मी लिहायची, फलक मी रंगवायचे, घोषणा मी बांधायच्या. माझ्या घोषणा इतक्या लांब असायच्या, की अर्ध्यातच लोकांचा दम संपायचा. एक तेवढी आखूड जमली होती: ‘पाठ दाखवी तो आपला नाही!’ ती चांगलीच चालली. साखळी उपोषणात माझी पाळी आली त्या दिवशी मी सवयीने घरून दोन भाकरी खाऊन निघालो आणि गळ्यात हार पडल्यावर मला आठवलं. कुणाला सांगितलं नाही. आज सांगतोय.

मामा रोज यायचे, कडेला बसायचे. इस्त्रीचे खाकी कपडे घालूनच. कुणी म्हणायचं, “मामा, संपावर हाय आपन, ड्युटीवर न्हाई.” ते नुसतं हसायचे. तारेच्या कुंपणातून त्यांना आमची गाडी दिसायची. पुढचं डावं टायर हळूहळू बसत चाललं होतं. एक दिवस ते माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “हवा भरून घेऊ देत्याल का आत?” मी म्हटलं, “मामा, संप आहे.” “व्हय,” म्हणाले. “टायरचा न्हाई ना पर.”

त्यांची निवृत्ती महिन्यावर आली होती. रोज मुंबईत बोलणी चालायची, रोज आम्ही मोबाइलभोवती मुंडकी घालून बसायचो. दुपारी यायचं, मिटलं. लोक एकमेकांना पेढे भरवायचे. संध्याकाळी यायचं, फिसकटलं. पेढ्याचं पुडकं तसंच उघडं राहायचं, मुंग्या लागायच्या. असं दोनतीनदा झालं. मामा दर वेळी तोच प्रश्न विचारायचे, “महिनाअखेरपत्तुर व्हईल का, मास्तर?” आणि मी दर वेळी छातीला हात लावून सांगायचो, “होणार म्हणजे होणारच!” मला काय माहीत असायचं? काही नाही. पण मास्तर होतो ना.

एक बोलणी आमच्या डेपोतही झाली. साहेबांनी पाच जणांना आत बोलावलं, चहा मागवला. बोलायचं काम अर्थातच माझ्याकडे. मी कामगाराच्या घामापासून सुरुवात केली. माझा चहा निवून साय धरली तरी मी बोलत होतो. साहेब भला माणूस. पुरतं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मास्तर, छान बोललात. पण माझ्या हातात एकच कागद आहे.” तो कागद त्यांनी फिरवून आमच्यापुढे ठेवला. सोमवारी संध्याकाळी पाचपर्यंत विनाअट हजर होतो असं लेखी द्यायचं. देणार नाही तो बडतर्फ. बाहेर आल्यावर बाकीचे चौघं माझ्याकडे बघत होते. साहेबांना एक साधं विचारायचं होतं, की महिनाअखेरीला जे निवृत्त होणार त्यांचं काय करता. तेवढं विचारा म्हणून मला त्यांनी जाताना तीनदा बजावलं होतं. घामाच्या नादात राहून गेलं.

शनिवारी दुपारी मंडपामागच्या लिंबाखाली मामांनी मला गाठलं. “मास्तर, एक कागद लिव्हा माजा.”

“कसला?”

“हजर व्हायचा.” मान खाली होती. “अजून बसलो असतो. पर पंधरा दिस ऱ्हायलेत. बडतर्फ झालो तर शेवटची फेरी कशाची? तिला काय सांगू?”

मग जवळ सरकून म्हणाले, “पर असं लिव्हा की चार मानसांत तोंड दावता आलं पायजे. संप मोडला म्हून नगा लिव्हू. ह्या लेकरांसोबत मी इतके दिस बसलोय.”

साधी गोष्ट होती. दोन ओळींचा अर्ज. पण तोंड दाखवता येईल असं लिहा, हे ऐकलं आणि माझ्या हातातलं पेन वळवळायला लागलं. मी घरी गेलो आणि एक पान भरून लिहिलं. त्यात एक वाक्य असं होतं: ‘संपातील मागण्या न्याय्य असून त्या मान्य होईपर्यंत माझे मन माझ्या बांधवांसोबत मंडपातच राहील; देह मात्र सेवेचे अखेरचे दिवस पुरे करण्यासाठी कामावर हजर होत आहे.’ हे वाक्य मी बायकोला दोनदा वाचून दाखवलं. ती म्हणाली, “साहेबाला देह पाहिजे का मन?” मी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. ‘विनाअट’ हा शब्द मी दोन ठिकाणी घालून पाहिला. वाक्याची लय बिघडत होती. काढून टाकला.

रविवारी मामांना अर्ज दिला. त्यांना वाचता यायचं, पण सावकाश. पाटीवरची गावं वाचायची सवय, पानभर मजकुराची नाही. त्यांनी कागद वरून खाली नुसता पाहिला. “लय झ्याक दिसायलाय. चालंल ना ह्ये सायबाला?”

“न चालायला काय झालं? भाषा बघा की मामा!”

त्यांनी दस्तखत केलं. कागदाची घडी करून वरच्या खिशात ठेवली, खिशाचं बटण लावलं.

सोमवारी चारच्या सुमाराला मामा उठले, कपडे झटकले आणि फाटकातून आत गेले. मी मंडपातच बसून होतो. खरं सांगतो, तोवर माझं हजर व्हायचं काही ठरलेलं नव्हतं. सव्वाचारला बायकोचा फोन आला. ती रडली नाही, भांडली नाही. एवढंच म्हणाली, “तुमचं काय ते तुम्ही बघा. पण लेकीची बारावी आहे, ध्यानात ठेवा.” साडेचारला मी लघवीला म्हणून उठलो आणि वर्कशॉपच्या मागच्या दाराने आत शिरलो.

क्लार्कच्या टेबलावर छापील कागदांचा गठ्ठा होता. ‘मी खाली सही करणार विनाअट कामावर हजर होत आहे.’ खाली दोन रेघा, नावासाठी आणि बिल्ला नंबरसाठी. मी दोन्ही भरलं. एवढ्या वर्षांत माझ्या हातून गेलेला सगळ्यात छोटा अर्ज तो. मामा तिथे दिसले नाहीत. देऊन गेले असतील असं मी धरलं. परस्पर धरून चालायची माझी सवय जुनीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी फळ्यावर दोन याद्या होत्या. ड्युटीच्या यादीत माझं नाव होतं. बडतर्फीच्या यादीत मामांचं. मी क्लार्ककडे धावलो. तो म्हणाला, “अर्ज आला होता की. पण अट होती त्यात. मागण्या काय, मन काय... वरून सक्त आदेश, विनाअटच पाहिजे.” मग हळूच म्हणाला, “अक्षर तुमचंच ना?”

त्या दिवशी पोलीस बंदोबस्तात डेपोतून एकच गाडी बाहेर पडली. ड्रायव्हर दुसराच होता, कंडक्टर मी. आत पाच प्रवासी. फाटकाशी मंडपातली पोरं उभीच होती. “या मास्तर, या! द्या की घोषणा!” एक जण ओरडला. “देह चालला बघा रं बोरीला!” म्हणजे मामांच्या अर्जातला मजकूर क्लार्ककडून मंडपापर्यंत पोहोचला होता. आणि मग सगळ्यांनी एका सुरात मला माझीच घोषणा ऐकवली: ‘पाठ दाखवी तो आपला नाही!’ कुणाचा दम संपला नाही. मामा मंडपात बसलेले होते, रोजच्या जागी. ते ओरडत नव्हते. त्यांनी मान वर करून गाडीच्या टायरकडे पाहिलं.

महिन्याचा शेवटचा दिवस आला. माझी गाडी फलाटावर उभी होती आणि कुंपणापलीकडे मंडपात मामांना शाल घालत होते. झेंडूची माळ होती. कुणीतरी चार शब्द बोललं, टाळ्या वाजल्या. मी तारेच्या अलीकडून पाहत होतो. जावं असं वाटत होतं, पण कोणत्या तोंडाने जाणार? आमच्या रोजच्या गाडीच्या जाळीला माळ नव्हती. तिचं पुढचं टायर आता पार बसलं होतं.

संप उन्हाळ्यात मिटला. मुंबईत शेवटपर्यंत मनासारखं काही जमलं नाही. कोर्टाचं झालं, सरकारचं झालं, लोक थकले आणि कामावर आले. बडतर्फ झालेल्या सगळ्यांना परत घेतलं. मामांनाही घेतलं, कागदावर. पण मधल्या काळात त्यांचं वय झालेलं, त्यामुळे ज्या कागदाने परत घेतलं त्याच कागदाने निवृत्तही केलं. येणंदेणं पुढे रीतसर झालं, ते सोडा.

मे महिन्यात एक दिवस मामा डेपोत आले. बरोबर त्यांची बायको. निळ्या काठाचं पांढरं पातळ नेसलेली. ती फलाटावरच्या बाकावर बसली. मामा माझ्याकडे आले, जसं काही काल ड्युटी करून गेले होते.

“मास्तर, एक कागद लिव्हा.”

“कसला?” मी विचारलं.

“गाडी चालवायची न्हाई आता मला, रस्त्यावर. ते कळतंय. पर धुवायच्या हौदापासून फलाटापत्तुर आपली गाडी मी आणतो. आतल्या आत. पन्नास पावलं. तिला बसवतो म्होरं. तेवढी परवानगी द्या म्हून लिव्हा.”

मी कागद घेतला आणि दोन ओळी लिहिल्या. विनंती अशी अशी आहे, मान्य व्हावी. खाली सहीला जागा. मामांनी कागद सावकाश वाचला. या वेळी वाचण्यासारखं होतंच थोडं. त्यांचा चेहरा उतरला.

“एवढंच? पहिल्यावानी लिव्हा की.”

आता गप्प राहणं शक्य नव्हतं. मी सगळं सांगितलं. ते वाक्य त्यांनी सांगितलं नव्हतं, माझ्या हौसेचं होतं. ‘विनाअट’ मी काढला, का काढला. त्या एका वाक्यापायी अर्ज फेटाळला गेला. बोलताना मी त्यांच्या खिशाच्या बटणाकडे बघत होतो.

“ठावं हाय,” मामा म्हणाले.

“काय ठाऊक आहे?”

“सायबानं तवाच सांगितलं की. भला मानूस. पेन दिला माज्या हातात. म्हनला, मामा, एवढी ओळ खोडा, बाजूला सही करा आन् जावा घरला. मी म्हनलं, वाचून दावा आधी. त्यानं वाचलं.” ते थांबले. “ऐकल्यावर खोडू वाटंना, मास्तर.”

“कामून?” मी त्यांच्याच बोलीत विचारलं.

“आता कसं सांगू. माज्याच मनातलं व्हतं ते. मला बोलाय येत न्हाई. तुमी कसं वळखलं, काय की. एकदा कागदावर आल्यावर मीच कसं खोडू? सायेब घड्याळ बघायला. मी म्हनलं, ऱ्हाऊ द्या.”

मी लिहिलं होतं ते वाक्य छान दिसावं म्हणून. त्यांनी त्याच्यापायी आपली शेवटची फेरी पणाला लावली.

“तुमी काय लिव्हलं व्हतं, तुमच्या कागदात?” मामांनी विचारलं. खोच नव्हती, खरंच विचारत होते.

“छापील होतं. नाव आणि बिल्ला नंबर.”

मामा म्हणाले, “अक्षर तरी चांगलं काढलं व्हतं का न्हाई?”

आम्ही दोघं केबिनमध्ये गेलो. साहेबांनी दोन ओळी वाचल्या, चष्मा काढला. निवृत्त माणसाच्या हातात गाडी देता येत नाही, आवारातसुद्धा नाही, उद्या काही झालं तर कोण जबाबदार, असं ते अगदी हळू आवाजात म्हणाले. चहा घ्या म्हणाले. मामांनी हात जोडले आणि बाहेर आले.

“बगा मास्तर,” जिन्यावर म्हणाले, “साधं लिव्हलं तरी न्हाईच म्हनला. मंग लांब लिव्हलेलं काय वाईट व्हतं?”

बोरीकडे जाणारी तीनची गाडी माझीच होती. मी आधी चढून पुढच्या शिटावर माझी पिशवी ठेवली, जागा धरली. ड्रायव्हर नवा, विशीतला मुलगा. मामांची बायको वर आली तेव्हा मी पिशवी उचलली आणि म्हटलं, “मामी, इथं बसा. तुमचीच जागा आहे.”

तिने त्या शिटाकडे पाहिलं, मग ड्रायव्हरच्या पाठीकडे, मग वरच्या आरशाकडे. आरशात त्या मुलाचे डोळे दिसत होते.

“चालवनार दुसरंच कोन तरी,” ती म्हणाली, “मी म्होरं बसून काय करू, भाऊ?”

आणि पदर सावरत ती मागे गेली, मधल्या एका शिटावर खिडकीशी बसली. मामा तिच्या शेजारी बसले. मी तिकिटं फाडायला लागलो. पुढचं शीट मी तसंच रिकामं ठेवलं. चढणाऱ्यांना वाटलं असेल, कुणाचं राखीव आहे. दोघंतिघं उभे होते तरी बसलं नाही कुणी.

बोरीला बाजाराची गर्दी आत घुसली. एक म्हातारा काठी टेकत आला, ते शीट रिकामं दिसलं आणि तिथे टेकला. मी त्या शिटाकडे बघत राहिलो. गाडी उभीच होती. नवा ड्रायव्हर आरशातून माझ्याकडे बघत होता.

“मास्तर,” मधून मामांचा आवाज आला, “डबल बेल द्या की. पोरगं थांबलंय.”

मी दोरी ओढली. दोनदा.